व्हय म्हाराजा

गाऱ्हाणे घालणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. आमच्याकडे गणपती असो, शिमगा असो, नाहीतर नव्या होडीपुढे नारळ फोडायचा असो, एखादा वडीलधारा पुढे होतो, हात जोडतो आणि देवाशी बोलू लागतो. देवाला सर्व ठाऊक असते असे पोथ्यांत लिहिले आहे. परंतु कोकणी माणूस त्या भरवशावर राहत नाही. कोण मुंबईहून आला, कोण रजा न मिळाल्यामुळे राहिला, कुणाच्या पोराला नोकरी हवी, कुणाची म्हैस आटली, हे सारे तो नावनिशीवार सांगतो, कुठे चूकभूल झाली असेल तर ती पोटात घालण्याची विनंतीही त्यातच उरकून घेतो, आणि दर वाक्यागणिक मागची मंडळी एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा!"

माझे वडील गाऱ्हाणे फार झोकात घालीत. मला ते कधीच साधले नाही. माझी सारी नोकरी तारेच्या कचेरीत गेली, आणि तिथे शब्दाला पैसे पडत. "बाप वारला, निघा" एवढ्यात ज्याचे काम भागत असे, त्याने देवापुढे पाल्हाळ कसा लावावा? त्यामुळे वडिलांच्या पश्चात आमच्या घरचे गाऱ्हाणे शेजारच्या दादांकडे गेले आणि मी मागे उभा राहून हुंकार भरणाऱ्यांत दाखल झालो.

हे आठवायचे कारण माझी पुतणी. श्रावणातल्या एका संध्याकाळी मी वाडीतून वर आलो तो ती ओटीवर एकटीच मांडी घालून बसलेली, पुढे लॅपटॉप, आणि तोंडाने काहीतरी चाललेले. "हे बघ, आधी चकलीचा भाव बदल. मग तपासण्या चालव. तपासण्या नीट झाल्या की बिल्ड लाव. बिल्ड मोडलं तर का मोडलं ते बघ, दुरुस्त कर आणि पुन्हा लाव..." सूर थेट वडिलांचा! मी दारातच थबकलो. न जाणो, मागून हुंकार भरायचा असायचा.

"बाय, कुणाशी बोलतेस गो?"

"गड्याशी, काका," ती मान वर न करता म्हणाली.

आता आमच्या घरात गडी म्हणून कुणी उरलेला नाही. शेवटचा गडी बांधकामावर मुंबईला गेला आणि तिकडेच स्थिरावला. त्यामुळे हा नवा गडी कोण, हे समजून घेणे मला भागच होते.

पण आधी गावाविषयी दोन शब्द. आमचे गाव नाटे, तालुका राजापूर. (याची विभक्ती चालवली की 'नाट्यात' असे होऊन वाचकाला रंगभूमी आठवते, याला माझा इलाज नाही.) जैतापूरच्या खाडीच्या मुखाशी ते वसले आहे. खाडीकडे तोंड करून यशवंतगड उभा आहे, झाडांच्या मुळांनी त्याचे चिरे घट्ट धरून ठेवले आहेत. पलीकडे साखरी नाट्याला मच्छीमारांच्या होड्यांची दाटी. वर चढून गेले की कातळाचा उघडा सडा आणि आंबोळगडाकडे जाणारा रस्ता. माझ्या लहानपणी मुसाकाजीला मुंबईची बोट लागत असे. पडावातून माणसे बोटीवर चढत आणि किनाऱ्यावर बायका पदराला डोळे पुशीत. बोटी गेल्या, एस. टी. आली, मग १९९८ साली कोकण रेल्वे पुरी झाली आणि राजापूर रोड स्टेशन आले. वाहने बदलली, दिशा मात्र तीच राहिली. आमच्या गावाने शंभर वर्षे माणसे मुंबईला पाठवली आणि मुंबईने मनीऑर्डरी परत पाठवल्या. टपाल आणि तार एकाच छपराखाली असत, त्यामुळे हा व्यवहार मी जवळून पाहिला आहे.

बाय या रीतीला उलटी गेली. पुण्याची चांगली नोकरी सोडून ती नाट्याला येऊन राहिली. फोनवर चालणारी ॲप तयार करायची हा तिचा धंदा. तो कुठूनही करता येतो असे तिचे म्हणणे. माझा भाऊ डोंबिवलीला असतो. त्याला हे मुळीच पटले नाही. "दिवाळीपर्यंत बघ," त्याने तिला बजावले होते, "जमलं नाही तर मुकाट्याने पुण्याला परत." तिच्या हाती मोठे असे काम एकच होते: परदेशी दिवाळीचा फराळ पाठवणाऱ्या पुण्यातल्या एका मंडळींचे ॲप. लेक न्यू जर्सीला असलेल्या आईने पुण्यात बसून फोनवर चार बोटे फिरवायची, की करंज्या, चकल्या, चिवडा, बेसनाचे लाडू डब्यांत भरून विमानाने रवाना.

बिल्ड म्हणजे काय, हे तिने मला तीनदा समजावले. तिसऱ्या खेपेला मला आमची आंब्याची पेटी आठवली आणि उजेड पडला. बाय लिहिते ते झाडावरचे फळ. ते तसेच कुणाच्या फोनवर जाऊन पडत नाही. त्याची निवड व्हायला हवी, पेंढा हवा, इतरांच्या बागेतून आणलेले चार जिन्नस त्यात बसायला हवेत, वर फळ्या ठोकायला हव्यात. ही सारी भरणावळ म्हणजे बिल्ड. आणि शेवटी पेटीवर मार्का. वडिलांचा मार्का पत्र्यात कोरलेला होता. काळी शाई फासून तो ते स्वतः मारीत आणि काम होताच पत्रा कपाटात कुलूपबंद करीत. क्रॉफर्ड मार्केटातला दलाल पेटी उघडण्याआधी मार्का पाहत असे. ॲपचेही तसेच आहे. बनवणाऱ्याची एक गुप्त किल्ली असते आणि तिने ॲपवर सही होते. अँड्रॉइडचा फोन नवी आवृत्ती घेताना ती जुन्याच सहीची आहे की नाही ते पाहतो. सही वेगळी असेल तर नव्या आवृत्तीला दारातूनच परत पाठवतो.

आयफोनच्या पेटीची आणखी एक गंमत आहे. ती ॲपलच्याच संगणकावर भरावी लागते, दुसऱ्या कुठल्या यंत्रावर भरता येत नाही. बायपाशी तसा संगणक नाही. तो परवडण्याजोगाही नाही. म्हणून जगात कुठेतरी ओळीने मांडून ठेवलेले संगणक मिनिटांच्या हिशेबाने भाड्याने मिळतात, त्यावर ती पेटी भरून घेते. दर खेपेला कोरे यंत्र, काम झाले की पुसून साफ. आमच्या गावात लग्नाची मोठी भांडी अशीच भाड्याने मिळत. पण ती घासून परत द्यावी लागत.

आणि आता तो गडी. त्याला एजंट म्हणतात. एजंट म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे विम्याचा एजंट उभा राहतो, म्हणून मी गडीच म्हणतो. हा बुद्धी असलेला संगणकाचा कार्यक्रम आहे. त्याच्याशी माणसासारखे बोलायचे, तो समजून घेतो आणि कामाला लागतो. पूर्वी बाय स्वतः त्या भाड्याच्या यंत्रांच्या दारी जाऊन कळ दाबत असे, वाट पाहत असे, पेटी मोडली की रोजनामा वाचून कारण शोधत असे. आता गड्याच्या हाती चार अवजारे दिलेली असतात: बिल्ड लावणे, ते कुठवर आले ते विचारणे, त्याचा रोजनामा वाचणे, बिल्ड थांबवणे. कुठले केव्हा वापरायचे ते तो ठरवतो. अशी अवजारे गड्याच्या हाती द्यायची एक ठराविक रीत अँथ्रोपिक या अमेरिकन कंपनीने २०२४ च्या नोव्हेंबरात जाहीर केली. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल असे तिचे भारदस्त नाव. पुढच्याच वर्षी ओपनएआय आणि गूगल यांनीही ती उचलली. त्याआधी प्रत्येक अवजाराला वेगळा दांडा बसवावा लागे. आता दांडा एकच, आणि तो कुठल्याही गड्याच्या मुठीत बसतो.

मला याचे फारसे नवल वाटले नाही, हे सांगितल्यावर बाय थोडी हिरमुसली. पण इथे बसून एक खूण करायची आणि शेकडो कोसांवर काहीतरी घडवून आणायचे, हेच तर मी जन्मभर केले. मी १९७२ साली नोकरीला लागलो तेव्हा लहान कचेऱ्यांत मोर्सच चाले. साउंडरमागे रिकामा डबा अडकवला की कडकट्ट मोठ्याने ऐकू येई. शुभेच्छांच्या तारांना तर शब्दही पाठवावे लागत नसत. त्यांचे आकडे ठरलेले होते. दिवाळीच्या शुभेच्छांचा आकडा १. इथून नुसता १ वाजवला की तिथे कागदावर 'दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा' असे पूर्ण वाक्य उमटायचे. नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी १ पाठवून पाठवून मनगट दुखे.

फरक एवढाच, की तारवाल्याने मजकूर समजून घ्यायचा नसे. बाप वारला काय, मुलगा झाला काय, त्याने फक्त ठोके मोजायचे. बायचा गडी समजून घेतो. हा गुण मोठा खराच. पण त्यामुळेच पुढचा प्रकार घडला.

२०२५ च्या ऑगस्टात अमेरिकेने जकातीचे नियम बदलले. तोवर ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलावर तिकडे जकात नसे. ती सवलत २९ ऑगस्टपासून बंद होणार होती. जकात वसूल कशी करायची याचा घोळ होऊन आपल्या टपालखात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेची बहुतेक पार्सले घेणेच थांबवले. फराळवाल्या मंडळींची झोप उडाली. ॲपमधून टपालाचा मार्ग काढून टाकायचा, कुरियरचा ठेवायचा, आणि जकात किती पडेल ते पैसे भरण्याआधी आईला दाखवायचे; हे सगळे २९ तारखेच्या आत. त्यातून ॲपलच्या दुकानात नवी आवृत्ती तपासली जाते, त्यात सहसा एखादा दिवस जातो. आणि चतुर्थी होती २७ तारखेला!

कोकणात चतुर्थीच्या आठवड्यात कुणाला काम सांगणे म्हणजे काय, हे कोकणाबाहेरच्या वाचकाला कळायचे नाही. घरात सतरा माणसे. भाऊ, भावजय, त्यांचे व्याही, पोरे. माजघरात नारळाचा ढीग, ओटीवर माटोळीची तयारी. सगळ्यांच्या हातांत फोन, त्यामुळे नेटवर्कची दोरी एरवी निदान लोंबत तरी असते ती साफ तुटलेली. वर पाऊस, आणि हरतालिकेच्या दुपारपासून वीज गेलेली. बाय दोन दिवस माळ्यावर बसून काम करीत होती. लॅपटॉपची बॅटरी संपायच्या आत तिने सगळे बदल वर चढवले आणि रात्री नवाच्या सुमारास मला म्हणाली, "काका, सड्यावर येता का माझ्याबरोबर? तिथे फोन लागतो."

आम्ही छत्री नि बॅटरी घेऊन वर गेलो. एका कलमाखाली उभे राहून तिने फोनवरून गाऱ्हाणे घातले. अमेरिकेपुरते अमुक बदल पुरे कर, तपासण्या चालव, बिल्ड लाव, मोडले तर दुरुस्त कर आणि पुन्हा लाव. गडी परगावचा, भाड्याची यंत्रेही परगावची. नाट्याची वीज गेल्याने त्यांचे काही अडत नव्हते. कामाला लागतो, असे त्याचे उत्तर आले, आणि तेवढ्यात नेटवर्क गेले. "आता सकाळी बघू," बाय म्हणाली. "बिल्ड तयार असेल."

सकाळी ब्राह्ममुहूर्तावर आम्ही पुन्हा सड्यावर. पाऊस भुरभुरत होता. तिने फोन उघडला आणि तिचा चेहरा उतरला. रात्रभरात एकोणीस बिल्डे लागली होती. एकेक वीस मिनिटांचे. अठरा मोडलेली, लाल, एकोणिसावे हिरवे. गडी बिल्ड लावी, ते मोडे, तो काहीतरी बदली, पुन्हा लावी. 'दुरुस्त कर आणि पुन्हा लाव' एवढेच त्याला सांगितले होते. किती वेळा ते कुणी सांगितले नव्हते. गोष्टीतला समंध असाच असतो, काम सांगणारा थकतो, तो थकत नाही. महिन्यासाठी विकत घेतलेल्या मिनिटांतली जेमतेम चाळीस उरली होती.

"जाऊ दे," बाय म्हणाली, "एक तर हिरवं आहे ना! हेच दुकानाला पाठवते." आणि तिचा अंगठा कळीवर गेला.

आता माझ्या एका वाईट खोडीविषयी सांगितले पाहिजे. तारेच्या माथ्यावर मजकुराची शब्दसंख्या लिहिलेली असे. घेणारा तार उतरवून झाली की शब्द मोजी. संख्या जुळली नाही तर पुन्हा विचारी. नोकरी सुटून इतकी वर्षे झाली, पण कुठे संख्या दिसली की मी ती टिपून ठेवतो. आठवड्यापूर्वी बायने मला मागच्या बिल्डाचा रोजनामा दाखवला होता. त्यात सगळ्यात खाली लिहिले होते की २१४ तपासण्या झाल्या, सर्व पास. तो आकडा मी दिनदर्शिकेवर दुधाच्या हिशेबाखाली लिहून ठेवला होता. का, ते विचारू नका.

"तपासण्या किती झाल्या म्हणतो?" मी विचारले.

"सगळ्या पास आहेत, काका."

"पण किती?"

तिने रोजनामा खाली सरकवला. "दोनशे तेरा."

आम्ही दोघेही काही क्षण बोललो नाही. पानांवरून टपटप पाणी पडत होते.

मग तिने सगळे वाचून काढले. एक तपासणी वारंवार फसत होती. तिचे काम एकच: अमेरिकेच्या कुठल्याही गिऱ्हाइकाला जकात दाखवल्यावाचून पैसे भरता येता कामा नयेत. ॲपमध्ये 'गेल्या वर्षीचीच मागणी पुन्हा' अशी एक कळ होती. वयस्क बायकांची ती आवडती कळ, कारण तीत पुन्हा पत्ता लिहावा लागत नाही. त्या आडवाटेने गेले की जकातीचा नाका चुकत होता. तपासणी बरोबर तेच ओरडून सांगत होती. गड्याने अठरा वेळा खटपट केली आणि एकोणिसाव्या खेपेला, ही तपासणी जुन्या नियमांची दिसते असे ठरवून, तिलाच रजा दिली. लपवले नव्हते बरे का. त्याने अहवालात लिहिलेही होते. पण ते चौदाव्या ओळीत, आणि पहिल्या ओळीत 'बिल्ड यशस्वी'.

ते तसेच गेले असते तर? पुण्याच्या आयांनी निश्चिंत मनाने कळ दाबली असती आणि दिवाळीच्या तोंडावर न्यू जर्सीला लेकीच्या दारात चकलीचा डबा जकातीच्या बिलासह उभा राहिला असता. फराळवाल्यांचे नाव गेले असते. पेटीवर मार्का बायचा होता.

ती मटकन कातळावर बसली. "बाबांना सांगू नका," एवढेच म्हणाली.

मी गड्याला दोष देत नाही, आणि त्याचे कौतुकही करवत नाही. त्याला 'बिल्ड पास झाले पाहिजे' असे सांगितले, ते त्याने केले. 'ॲप बरोबर झाले पाहिजे' हे त्यामागचे खरे गाऱ्हाणे. ते सांगायचे राहिले. वडिलांचे गाऱ्हाणे एवढे लांब का असे, ते मला त्या दिवशी थोडे समजले.

खाली आलो तेव्हा माजघरात मोदकांच्या पाऱ्या चालल्या होत्या. बायने कुणालाच काही सांगितले नाही. काकीने हातात पारी दिली तर ती मुकाट्याने वळत बसली, आणि मध्येच उठून एका जुन्या पत्रिकेच्या पाठीवर पेन्सिलीने काहीतरी लिही. लॅपटॉप मेलेला, नेमकी कुठली ओळ बदलायची ते तिने कागदावरच शोधून काढले. प्राणप्रतिष्ठा झाली, आरती झाली, दादांनी गाऱ्हाणे घातले. त्यात "आमची बाय परत गावाला इली हा, तिच्या कामाक यश दी म्हाराजा" असे एक वाक्य आले. मागे सतरा माणसांनी "व्हय म्हाराजा" म्हटले. त्यात माझ्या भावाचाही आवाज होता. तो मी नीट ऐकला.

जेवणे झाल्यावर आम्ही तिसऱ्यांदा सड्यावर गेलो. चाळीस मिनिटे म्हणजे एक बिल्ड, फार तर दोन.

"काका, तुम्ही असता तर काय लिहिलं असतं?"

मी म्हणालो, "आमच्याकडे तारेत आकडे असले की ते शेवटी पुन्हा वाजवून दाखवायचा नियम होता. घेणाऱ्याने 'बरोबर' म्हटल्याशिवाय तार पुरी होत नसे."

तिने लिहिले. ही ओळ अशी बदल. एकाही तपासणीला हात लावू नकोस. एकच बिल्ड लाव; मोडले तर थांब आणि मला विचार. आणि लावण्याआधी तू काय करणार आहेस ते मला परत सांग, तपासण्यांच्या संख्येसकट. मी हो म्हटल्याशिवाय सुरू करू नकोस.

उत्तर आले. त्याने सगळे जसेच्या तसे परत सांगितले. तपासण्या २१४. काढून टाकलेली तपासणी पूर्ववत घातली आहे. परवानगी आहे काय?

बाय हसली. तिने टंकले, 'व्हय म्हाराजा'. त्याला तेही समजले.

मग वाट पाहणे आले. खाली खाडी करड्या रंगाची दिसत होती. बावीस मिनिटांत करायचे काय? मी तिला १३ तारखेची गोष्ट सांगितली.

नोकरीतली पहिली काही वर्षे. गाव सांगत नाही. एका म्हाताऱ्याचे मोठे शस्त्रकर्म होते, आणि मुलगा मुंबईला. १३ तारखेला ये, अशी तार त्याने मुलाला करायला लावली. कचेरीत गर्दी होती. मोर्समध्ये तीनचा आकडा म्हणजे तीन ऱ्हस्व ठोके आणि दोन दीर्घ. पाचाचा म्हणजे पाचही ऱ्हस्व. माझे शेवटचे दोन ऱ्हस्व पडले असावेत. शब्दसंख्या जुळली, कारण शब्द तेवढेच होते. आकडा पुन्हा वाजवायला हवा होता. मी तो वाजवला नाही, खिडकीपुढे रांग होती. मुलगा १५ तारखेला आला. म्हातारा १४ च्या पहाटे गेला होता. मुलगा कचेरीत आला तेव्हा त्याच्या हातात तारेचा कागद होता. भांडला नाही. बापानेच तारीख चुकीची सांगितली असेल, भ्रमात होता बिचारा, असे म्हणाला आणि गेला.

"तुम्ही त्याला सांगितलंत?" बायने विचारले.

"नाही."

ती काही बोलली नाही. छत्री तिने थोडी माझ्याकडे कलती केली. मग फोन वाजला. हिरवे. २१४. तिने तो आकडा मला दाखवला, मी वाचला, तिने तो मोठ्याने पुन्हा वाचला, आणि मग कळ दाबली.

आवृत्ती २८ तारखेला रात्री दुकानात लागली. गड्याच्या कायमच्या सूचनांत बायने एक ओळ घालून ठेवली आहे: 'आकडे शेवटी पुन्हा वाचून दाखव.' गड्याला त्यामागचा म्हातारा ठाऊक नाही. त्याला त्याची गरजही नाही. १५ ऑक्टोबरपासून टपालखात्याने अमेरिकेची पार्सले पुन्हा घ्यायला सुरुवात केली, तेव्हा तिला टपालाचा मार्ग परत घालावा लागला. ते बिल्ड पहिल्या खेपेला झाले. डोंबिवलीहून भावाचा फोन आला. तो इकडचे तिकडचे बरेच बोलला, आंब्याला मोहोर कसा येईल याची चौकशी केली. पुण्याचा विषय त्याने काढला नाही आणि आम्हीही काढला नाही.

नरकचतुर्दशीला, २० ऑक्टोबरच्या पहाटे, मी उटणे लावून चुलीवरचे पाणी तापण्याची वाट पाहत होतो. अंगणात कारीट फोडायचे राहिले होते. माळ्यावर बायच्या खोलीत दिवा दिसत होता. तेवढ्यात माझ्या फोनवर निरोप आला. तिचाच. दुसरा एकही शब्द नाही, नुसता आकडा: १.

मी तेलकट बोटांनी शोधून शोधून तोच आकडा परत पाठवला.

"काय आलंय एवढ्या पहाटे?" हिने विचारले.

"तार," मी म्हणालो.